आयत्या वेळी, आपल्या बोलीत: खान्देशात इम्प्रोव्ह सुरू करणाऱ्यांसाठी

इम्प्रोव्ह म्हणजे संहितेशिवायचं नाटक. दोघं-तिघं मोकळ्या जागेत उभे राहतात, बघणाऱ्यांपैकी कुणीतरी एक शब्द देतं, 'थ्रेशर', 'साखरपुडा', 'शेवटची एसटी' असं काहीही, आणि पात्रं, नातं, भांडण, शेवट सगळं उभ्या उभ्या घडत जातं. तमाशातली बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. सोंगाड्या समोरच्याचा शब्द पकडून पुढे कसा जातो, ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोकांनी पाहिलं आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात हात कामात असतानाच त्यांच्या ओव्या तोंडून येत, आणि उतरवून घेतल्या दुसऱ्यांनी.

आज जगभर शिकवतात त्या इम्प्रोव्हची मुळं मात्र दुसरीकडची आहेत. व्हायोला स्पोलिन यांनी १९३०-४० च्या दशकांत शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळ तयार केले. कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि नंतर कॅनडातल्या कॅलगरीत स्वतःची पद्धत घडवली. खाली दिलेले काही खेळ या दोघांकडून आलेले आहेत.

नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच वाक्यावर अडतो: 'मला पटकन काही सुचत नाही.' सुचण्याची चिंता आत्ताच बाजूला ठेवा. इथलं मुख्य काम ऐकण्याचं आहे, आणि ते सरावाने येतं.

## १. आधी बोली ठरवा

ही पायरी इतर मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, पण आपल्या भागात ती पहिली हवी.

जळगाव-धुळ्याची बरीच मुलं घरी आजीशी अहिराणीत बोलतात आणि रंगमंचावर पाय ठेवला की पुणेरी होतात. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला भिली आणि पावरी, तिथेही हेच होतं. डोक्यात वाक्य एका बोलीत येतं आणि तोंडातून दुसरीत काढावं लागतं. मधला अर्धा सेकंद भाषांतरात जातो, आणि इम्प्रोव्हमध्ये तोच अर्धा सेकंद ऐकण्यासाठी लागतो. 'मला सुचत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांची अडचण एवढीच असते की सुचलेलं 'शुद्ध' करण्यात ते थकतात.

म्हणून पहिल्याच दिवशी गटात नियम करा: ज्याला जी बोली घरची, त्याने ती बोलावी. एकाने 'कथा जाई ऱ्हायना?' (कुठे चाललास?) विचारलं आणि दुसऱ्याने प्रमाण मराठीत उत्तर दिलं तरी प्रसंग चालतो. घरात तसंच बोलणं चालतं ना.

याच नियमाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. बोली हसवण्यासाठी वापरू नका. अहिराणी बोलणारा प्रत्येक वेळी अडाणी गडीच निघाला, तर गटातली अहिराणी बोलणारी माणसं दोन आठवड्यांत गप्प होतात. आपल्या प्रसंगातल्या डॉक्टरीणबाई, तहसीलदार, नवरी, विमानाचा पायलट या सगळ्यांना अहिराणी बोलू द्या.

## २. माणसं जमवा

६ ते ८ जण सर्वांत बरे. ४ पेक्षा कमी असतील तर बघणारं कुणी उरत नाही, आणि १२ पेक्षा जास्त झाले तर प्रत्येकाची पाळी फार उशिरा येते. वयाचं बंधन नको. १९ वर्षांची कॉलेजकन्या आणि ५५ वर्षांचे निवृत्त मास्तर एकाच गटात असले तर नाती अधिक खरी उतरतात.

एकांकिका केलेल्या मुलांना घ्या, पण एक गोष्ट आधी सांगा. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात किंवा राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून वाक्य 'टाकायची' सवय असते. इथे वाक्य जोडीदाराला द्यायचं असतं. हे त्यांच्या लक्षात आलं की ते गटाचे आधार होतात, नाहीतर सगळा प्रसंग एकटेच ओढत नेतात.

दर आठवड्याला एकाने संचालक व्हायचं: वेळ बघणं, खेळ समजावणं, प्रसंग थांबवणं. हे काम आळीपाळीने करा.

## ३. जागा, वेळ, सामान, कागद

जागा साधारण १२ × १५ फूट मोकळी असावी. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, मंगल कार्यालयाचा रिकामा कोपरा, काहीही चालेल. पत्र्याची खोली टाळा. मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो तेव्हा तिथे बसवत नाही, आणि पंखे पूर्ण वेगाने लावले की हळू बोललेलं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात सकाळी ७ किंवा संध्याकाळी ६ नंतर जमा. बाहेरगावचे लोक असतील, जळगावला एरंडोल-धरणगाव-पाचोऱ्याहून येणारे, तर बैठक संपायची वेळ शेवटच्या सोयीच्या एसटीवरून ठरवा. संपायची वेळ पक्की असली तरच घरचे मुलींना नियमित येऊ देतात.

सामान:
- बिनहाताच्या २ खुर्च्या
- मोबाइलचा टायमर आणि एक छोटी घंटा (पूजेतली चालते)
- नाती आणि ठिकाणं लिहिलेल्या ४० चिठ्ठ्या, २ डब्यांत
- पत्त्यांचा एक कॅट
- पाण्याचा माठ किंवा जार, सैल कपडे, सपाट तळाच्या चपला किंवा अनवाणी पाय

कागद: शाळेची जागा असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या. त्यात दिवस, वेळ, किती जण आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर लिहा, आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

स्पर्शाचा नियमही इथेच ठरवा. खांद्याला हात लावलेला चालेल का, हे प्रत्येकाने पहिल्या दिवशी मोकळेपणी सांगावं. 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारू नये.

## ४. पहिली बैठक: ९० मिनिटं

नाव आणि हालचाल (१० मिनिटं). गोल करा. प्रत्येकाने नाव सांगताना एक हालचाल करायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी परत करायची.

वीसपर्यंत मोजणी (१० मिनिटं). डोळे मिटून उभे राहा. कुणीही 'एक' म्हणावं, मग कुणीही 'दोन'. क्रम ठरलेला नसतो. दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी गट सहा-सातच्या पुढे क्वचित जातो, कारण सगळ्यांना लवकर संपवायची घाई असते. घाई गेली की आकडा आपोआप वर चढतो.

आरसा (१० मिनिटं). जोडीने समोरासमोर. २ मिनिटं एक पुढे, दुसरा त्याचा आरसा. २ मिनिटं उलट. शेवटची २ मिनिटं कुणीच पुढे नाही. इथे हमखास चूक होते ती अशी, की पुढचा माणूस झटकन हात हलवून आरशाला चुकवायला बघतो. संचालकाने सांगावं: 'इतकं सावकाश, की बघणाऱ्याला कळू नये कोण पुढे आहे.'

एकेक शब्दाची गोष्ट (१५ मिनिटं). दोघांनी मिळून एक गोष्ट सांगायची, प्रत्येकाने एका वेळी एकच शब्द. 'मी' – 'काल' – 'विहिरीत' – 'एक' – 'मोठी'... आता पुढच्याला स्त्रीलिंगी शब्दच आणावा लागतो. 'मोठी' म्हणणाऱ्याच्या मनात मगर असेल, पण पुढचा 'पेटी' म्हणतो आणि मगर सोडून द्यावी लागते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे पेटी 'पाहिली', 'टाकली' की 'उघडली' हे ज्याच्या वाट्याला शेवटचा शब्द येतो तो ठरवतो. मनात आधीच बांधलेली गोष्ट सोडून द्यायचा इतका चांगला सराव दुसऱ्या कुठल्या खेळात मिळत नाही. अडचण येते ती विशेषणांची रांग लागते तेव्हा: 'मोठी', 'जुनी', 'लाल', 'गंजलेली'. कुणालाच नाम घ्यायचं नसतं, कारण नाम घेतलं की जबाबदारी आली. नियम करा: सलग दोन विशेषणं झाली की पुढचं नाम.

त्यानंतर १० मिनिटं पाणी, २५ मिनिटं 'हो, आणि' (हा खेळ पुढच्या पायरीत), शेवटची १० मिनिटं बोलणं. या बोलण्यात कुणाची चूक काढायची नाही. प्रत्येकाने जोडीदाराने केलेली एकच गोष्ट सांगायची, जिच्यामुळे आपलं काम सोपं झालं.

## ५. 'हो, आणि': इथे वेळ द्या

सगळा पाया इथे आहे. घाईने उरकू नका.

जोडीने उभे राहा. विषय: सारंगखेड्याच्या यात्रेला जायचा बेत. तीन फेऱ्या, प्रत्येकी २ मिनिटं.

पहिल्या फेरीत प्रत्येक सूचनेला 'नाही' म्हणायचं. बेत तिथेच मरतो. दुसऱ्या फेरीत 'हो, पण'. ही फेरी नीट ऐका, कारण घरात आणि ऑफिसात आपण बहुतेक वेळा हेच बोलत असतो. 'हो, पण गर्दी असेल.' 'हो, पण सुट्टी नाही.' तोंडाने होकार आणि बेत जागच्या जागी. तिसऱ्या फेरीत 'हो, आणि':

'सारंगखेड्याला जाऊ.'
'हो, आणि आबांना बरोबर घेऊ.'
'हो, आणि आबा घोडेबाजारात एक घोडी पसंत करतील.'
'हो, आणि ती आपल्याला तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवावी लागेल.'

शेवटचं वाक्य कुणी आधी ठरवून आणलेलं नाही. मागच्या वाक्यातली घोडी हातात घेतली म्हणून ते आलं.

यात एक फसवी जागा आहे. 'हो, आणि भेळही खाऊ' हे वाक्य नियमात बसतं, पण काहीच बांधत नाही, यादी नुसती लांबवतं. कसोटी सोपी आहे: जोडीदार मागचं वाक्य बोललाच नसता, तरी तुमचं वाक्य बोलता आलं असतं का? आलं असतं, तर तुम्ही त्याचं ऐकलेलं नाही.

दुसरा गोंधळ त्याहून मोठा. 'हो' म्हणजे पात्राने सगळ्याला मान डोलावणं नव्हे. मान्य करायचं असतं ते जोडीदाराने उभं केलेलं जग. बघा:

'नाना, पाचशे रुपये द्या ना.'
'कोण नाना? मी तर पोस्टमन.'

हा नकार. जोडीदाराने दिलेलं नातं फेकून दिलं, त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार. आणि हे:

'नाना, पाचशे रुपये द्या ना.'
'देणार नाही. मागच्या आखाजीला नेलेले अजून आले नाहीत, आणि तुझ्या मायला अजून मी ते सांगितलेलं नाही.'

इथे नाना पैसे देत नाहीत, पण नाना आहेत, जुनी उधारी आहे, मायपासून लपवलेली गोष्ट आहे. दोन वाक्यांत पुढच्या तीन मिनिटांची सोय झाली. हा फरक गटातल्या प्रत्येकाला पटेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## ६. पहिला प्रसंग

दोन चिठ्ठ्या काढा, एक नात्याची, एक ठिकाणाची. समजा 'बहीण-भाऊ' आणि 'जिनिंगचं गेट'. वेळ २ मिनिटं. पहिल्या तीन वाक्यांत बघणाऱ्याला कळलं पाहिजे: कोण, कुठे, काय चाललंय. 'ताई, रात्रीपासून आपला ट्रॅक्टर लायनीत उभा आहे आणि तू आत्ता डबा आणतेस' या एका वाक्यात तिन्ही येतात.

मध्येच डोकं रिकामं झालं तर तीन गोष्टी करा, याच क्रमाने:

१. जोडीदाराकडे बघा आणि जे दिसतं ते बोला: 'तुझे हात थरथरताहेत.' बहुतेक वेळा ते खरंच थरथरत असतात, आणि प्रसंगाला विषय मिळतो.
२. त्या जागेतली एखादी वस्तू हाताळा. गेटची कडी लावा, कापसाचं बोंड उचला.
३. जोडीदाराचं शेवटचं वाक्य सावकाश परत म्हणा, आता ते मनाला लागल्यासारखं.

गप्प उभं राहिलं तरी चालतं. चार सेकंदांची शांतता खेळणाऱ्याला चार मिनिटांची वाटते, बघणाऱ्याला ती विचार करणारी माणसं वाटतात.

## ७. हातांना काम द्या

नुसतं बोलणं चाललं की प्रसंग रेडिओवरचा होतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर बैठकीत १५ मिनिटं नसलेल्या वस्तूंचा सराव करा. सगळ्यांत चांगला पाठ कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा.

परातीत पीठ, थोडं थोडं पाणी, तळहाताच्या टाचेने मळणं. गोळा करून परातीत थापायची: एक हात थापतो आणि भाकरी त्याच्याखाली हळूहळू फिरत जाते. मग दोन्ही हातांवर अलगद उचलून तव्यावर. वरच्या बाजूला बोटांनी पाणी फिरवायचं, ते सुकायला लागलं की उलटायची.

चुका ठरलेल्या. परातीला काठ आहे हे हात विसरतात. तवा एकदा कमरेच्या उंचीवर असतो, एकदा गुडघ्याजवळ. आणि दारातून कुणी हाक मारली की पिठाने माखलेल्या तळव्याने खुशाल कपाळ पुसलं जातं, जिथे मनगटाची मागची बाजू वापरली असती. बघणाऱ्यांतल्या बायकांना ही चूक सर्वांत आधी दिसते, म्हणून या पाठाला त्यांनाच संचालक करा. ज्याला भाकरी येत नाही त्याने मोटारसायकलचं पंक्चर काढावं, केळीचा घड कापावा. काम असं निवडा, जे हाताला खरोखर माहीत आहे.

## ८. मानपानाचा खेळ

जॉनस्टन यांनी पात्रांमधल्या उच्च-नीच स्थानावर बरंच काम केलं. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे: मानपान. लग्नाचा मांडव धरा. प्रत्येकाने एक पत्ता न बघता कपाळावर धरायचा, राजा सर्वांत वर, दुर्री सर्वांत खाली. प्रत्येकाने समोरच्याशी त्याच्या पत्त्याप्रमाणे वागायचं. पाच मिनिटांनी सगळे आपापल्या अंदाजाने रांगेत उभे राहतात आणि मग पत्ते बघतात.

बोलताना डोकं स्थिर ठेवणारा वरचा वाटतो, पुन्हा पुन्हा चेहऱ्याला हात लावणारा खालचा. हे दोनच बदल करून तोच प्रसंग परत खेळा. पात्रं बदललेली दिसतील.

## ९. हमखास अडणाऱ्या जागा

प्रश्नांची सरबत्ती. 'कुठे चाललास? का? कुणाबरोबर?' प्रश्न विचारणारा सगळं ओझं जोडीदारावर टाकतो. प्रश्नाचं विधान करा: 'धुळ्याला चाललास, तेही तिला भेटायला.'

दुकानदार-गिऱ्हाईक. नवखे आपोआप दुकानात शिरतात आणि भावावरून घासाघीस करत बसतात. भाव ठरला की बोलायला काही उरत नाही. दुकानच हवं असेल तर दोघांचं जुनं नातं असू द्या: एकेकाळचे भागीदार, मोडलेल्या सोयरिकीतले.

नसलेल्या माणसाची चर्चा. 'तो पक्या असा आहे, तसा आहे.' बघणाऱ्यांना समोरच्या दोघांत रस आहे. पक्याला सोडा.

विनोद मारणं. एक टाळी मिळते आणि दोघांनी उभं केलेलं घर पडतं. हशा प्रसंगातून येऊ द्या. जातीवर, शरीरावर, गावावर मारलेले विनोद गटात चालणार नाहीत, हे स्पष्ट सांगून ठेवा.

सगळे एकदम आत. प्रसंग रंगला की बघणाऱ्यांनाही उडी मारावीशी वाटते. पहिले सहा आठवडे एका वेळी दोघंच. नंतर 'स्टॅच्यू' खेळा: कुणीतरी 'स्टॅच्यू' म्हणतं, दोघं थिजतात, तो एकाची जागा आणि पवित्रा घेतो आणि तिथून पूर्ण वेगळा प्रसंग सुरू करतो.

## १०. किती दिवसांत काय बदलतं

आठवड्यातून एकदा ९० मिनिटं, असे आठ आठवडे धरा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अनेकांना वाटतं की आपण मागे चाललोय. त्या वेळी आपल्या चुका पहिल्यांदाच दिसायला लागलेल्या असतात. नेमकं तिथेच लोक गळतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात आधी ऐकणं सुधारतं. समोरचा बोलत असताना स्वतःचं उत्तर जुळवण्याची सवय कमी होते, आणि हे घरच्यांच्या लवकर लक्षात येतं. त्यानंतर चुकण्याची भीती सैल होते. मुलाखतीत अनपेक्षित प्रश्न आला, ग्रामसभेत उभं राहून दोन वाक्यं बोलायची वेळ आली, तर घशाला कोरड पडली तरी वाक्य पूर्ण होतं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त २० मिनिटं इम्प्रोव्ह केलेल्यांची तुलना ठरलेल्या संवादांचे खेळ केलेल्यांशी केली होती. इम्प्रोव्ह केलेल्यांत वेगवेगळ्या कल्पना सुचणं, अनिश्चितता सहन होणं आणि मनाला बरं वाटणं या तिन्ही बाबतींत वाढ दिसली.

मात्र हा उपचार नाही. चार माणसांत जायच्या विचारानेच झोप उडत असेल, छातीत धडधडत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. इम्प्रोव्हला त्यांच्या सल्ल्याने या. गटातल्या कुणालाही स्वतःचं दुःख प्रसंगात आणायला भाग पाडू नका.

स्वतःचा बदल तपासायचा असेल तर पहिल्या आणि आठव्या आठवड्यात आपल्या एका प्रसंगाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, जोडीदाराला विचारून. ऐकताना एवढंच मोजा: तुम्ही त्याचं वाक्य किती वेळा मध्येच तोडलं.

## ११. लोकांसमोर पहिल्यांदा

आठ आठवड्यांनंतर, घरच्या आणि ओळखीच्या २०-२५ जणांसमोर, त्याच खोलीत. तिकीट नाही, माइक नाही. एकूण ४० मिनिटं: एकेक शब्दाची गोष्ट, दोन-तीन मिनिटांचे पाच-सहा प्रसंग, शेवटी स्टॅच्यू.

पुढे नाट्यगृहात जाहीर प्रयोग करायचा झाला, तर महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. संहिताच नसलेल्या खेळासाठी कोणते कागद द्यायचे, हे तारीख जाहीर करण्याआधी लेखी विचारून घ्या. उघड्यावर करणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या आणि रात्री १० च्या आत तो बंद करा.

लोकांकडून शब्द मागताना 'काहीही सांगा' म्हणू नका. शांतता पसरते, किंवा एखाद्या पुढाऱ्याचं नाव येतं. नेमकं विचारा: 'तुमच्या घरात दुरुस्तीला टाकलेली एक वस्तू सांगा.' मिळालेला शब्द मोठ्याने परत म्हणा, म्हणजे मागच्या रांगेलाही कळतं की तो आत्ताच मिळाला.

घंटा कुणाच्या हातात द्यायची ते नीट ठरवा. ती वाजवणारा माणूस प्रसंग पडायची वाट बघणारा नको. मोठा हशा आला, किंवा दोघांत काहीतरी मिटलं, की त्याच क्षणी त्याने घंटा वाजवावी, ठरलेली ३ मिनिटं झालेली नसली तरी.